म्वांझाच्या शाळेतल्या नोंदी: हात धुवायला शिकवायला गेले आणि पाण्याच्या खेपा मोजत बसले

सांगली जिल्ह्यात प्राथमिक शाळेत २८ वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले. नवऱ्याची नोकरी टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या म्वांझा शहरात, मासळी कारखान्याच्या शीतगृह विभागात. घरी बसून करायचं काय, म्हणून शहराबाहेरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत आरोग्य आणि स्वच्छता शिकवायचं ठरवलं. शाळेचं नाव देत नाही. २०२३ च्या जुलै ते नोव्हेंबरमधल्या या नोंदी वहीतून उतरवल्या आहेत. असलं काही करायचं कुणाच्या मनात असेल, तर निदान माझ्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत.

१० जुलै

आज पहिला दिवस. इथपर्यंत यायलाच साडेसहा आठवडे गेले. पर्यटक व्हिसावर किंवा नवऱ्याच्या परवान्यावर स्वयंसेवा चालत नाही, वेगळा परवाना लागतो. त्याशिवाय शिक्षण खात्याचं पत्र, मग मुख्याध्यापकांची संमती. ही सगळी तजवीज आधी करा, सामान नंतर घ्या. मी उलटं केलं.

सामान म्हणजे भित्तिपत्रकं. चोवीस रंगीत पत्रकं इंग्रजीत छापून घेतली, ६४,००० शिलिंग (एक रुपया म्हणजे साधारण ३० शिलिंग धरा). मुख्याध्यापकांनी एकेक करून सगळी पाहिली, 'खूप सुंदर' म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. इथे सरकारी प्राथमिक शाळेचं माध्यम स्वाहिली आहे, इंग्रजी माध्यम माध्यमिकपासून. कुणाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. जन्मभर मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईने ही चूक करावी, याची जास्त लाज वाटली.

शाळेत ८४० मुलं. प्राथमिकची फी २००१ मध्येच बंद झाली होती, २०१६ पासून सक्तीच्या वर्गण्याही बंद झाल्या, तेव्हापासून वर्ग भरून वाहतायत. पाचवीत एका खोलीत ११२ मुलं मोजली. संडासाची भोकं नऊ. सरकारी निकष मुलींसाठी वीसजणींमागे एक आणि मुलांसाठी पंचवीसजणांमागे एक असा आहे, हिशेब तुम्हीच करा. नळ नाही.

वर्गात शिरले तसे सगळे उठून एका सुरात 'शिकामू' म्हणाले. मीही उत्साहाने 'शिकामू' म्हटलं. वर्ग खदखदून हसला. 'शिकामू' धाकट्याने मोठ्याला म्हणायचं असतं, मोठ्याने उत्तर द्यायचं 'मराहाबा'. म्हणजे मी ११२ पोरांना वाकून नमस्कार घातला होता.

१४ जुलै

एक आठवडा वाया. आरोग्य विषय बघणाऱ्या बाईंनी (यापुढे 'आरोग्याच्या बाई') शुक्रवारी 'सा न्ने'ला या म्हणून सांगितलं. सा म्हणजे तास, न्ने म्हणजे चार. मी दुपारी चारला बाजाजीतून उतरले तर शाळा ओस, मैदानात एक बोकड. (रिक्षाला इथे बाजाजीच म्हणतात. आपल्या आकुर्डीचं नाव इतक्या लांब रोज ऐकू येतं.)

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. 'सा न्ने' म्हणजे सकाळचे दहा. पाचवीचा वर्ग दहा वाजल्यापासून माझी वाट बघत बसला होता. आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: सहा मिळवा.

२१ जुलै

आज प्रात्यक्षिक होतं आणि त्याचा पार बोजवारा उडाला. सविस्तर लिहिते, कारण ही कल्पना कुणालाही सुचेल.

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तर ते 'दाखवायचे' कसे? मी सूर्यफुलाच्या तेलात हळद कालवून दहा मुलांच्या हातांना चोळली. पाच जणांनी नुसत्या पाण्याने धुवायचं, पाच जणांनी साबणाने. हळदीला इथे मानजानो म्हणतात, कुठल्याही बाजारात मिळते. माझ्या मते झकास योजना.

नुसत्या पाण्याने हळद हलली नाही, इथवर ठीक. मग दुसरी रांग. पहिल्या मुलीने साबण लावला आणि तिचे तळवे लालभडक झाले. मागची मुलं ओरडली, 'दामू! दामू!' दामू म्हणजे रक्त. ती मुलगी हात लांब धरून रडायलाच लागली.

हळदीला क्षार लागला की ती लाल होते. आपल्याकडे कुंकू असंच करतात, लहानपणी आजीच्या शेजारी बसून मी ते पाहिलंय. सगळं आयुष्य माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी डोक्यातून गेली. त्यात धुऊन झाल्यावरही नखांत आणि बोटांच्या बेचक्यांत पिवळं उरलंच. एक पोरगा हात वर करून शांतपणे म्हणाला, म्हणजे साबणानेही जंतू जात नाहीत तर. त्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर आठ पांढरे सदरे डागाळले, त्यांच्या आयांची बोलणी मुख्याध्यापकांनी खाल्ली.

दुरुस्ती: सोमवारी हळदीऐवजी चुलीतल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड तेलात कालवली. नुसत्या पाण्याने काळं पसरतं, साबणाने स्वच्छ जातं. खर्च शून्य. ज्या मुलीचे हात लाल झाले होते, तिलाच प्रात्यक्षिक करायला उभं केलं. तिने ते माझ्यापेक्षा चांगलं केलं.

२६ जुलै

पायाने चालणारे नळ बसवले, बारा. इथे त्याला किबुयू चिरिझी म्हणतात, म्हणजे ठिबकणारा भोपळा. आता भोपळ्याच्या जागी प्लॅस्टिकचा डबा आलाय. दोन बेचक्यांचे वासे रोवायचे, त्यांवर आडवी काठी, काठीत ओवलेला पाच लिटरचा डबा, डब्याच्या वरच्या अंगाला खिळा तापवून पाडलेलं भोक. डब्याच्या तोंडाला दोरी आणि दोरीचं खालचं टोक जमिनीवरच्या काठीला. काठीवर पाय दिला की डबा कलंडतो आणि बारीक धार येते. हात कशालाच लावायचा नाही, म्हणून घाणही परत लागत नाही. खाली खडी, म्हणजे चिखल होत नाही.

जुने डबे १२,०००, दोरी ९,०००, वासे ३६,०००. सातवीच्या मुलांनी दीड दिवसात सगळे उभे केले. मोजून पाहिलं: पाच लिटरमध्ये ५५ मुलांचे हात धुऊन होतात. तांब्याने ओतलं असतं तर दहाजणांतच डबा संपला असता.

मी खूश. फोटो काढून दार-एस-सलामच्या मराठी मंडळींना पाठवले, कारण ३,००,००० शिलिंग त्यांनी दिले होते. आरोग्याच्या बाई म्हणाल्या, मुलांचे चेहरे ओळखू येणारे फोटो पालकांना विचारल्याशिवाय पाठवू नका. बरोबर होतं. पाठवलेले सगळे परत घेतले, नुसत्या नळांचे पाठवले.

२ ऑगस्ट

साबण गेला. सहा मोठ्या वड्या (इथे कपड्यांचा साबण हातभर लांब दांड्यात मिळतो) कापून, भोक पाडून प्रत्येक नळाला टांगल्या होत्या. २१,००० शिलिंग. आठवड्यात एक तुकडा उरलेला नाही. काही कावळ्यांनी नेले, एक बोकडाने चाटून संपवला हे मी स्वतः पाहिलं. बाकीचे घरी गेले असणार. कुणाच्या घरी भांडी घासायला उपयोगी पडले असतील तर माझी तक्रार नाही, पण नळावर साबण पाहिजे.

१० ऑगस्ट

नुसत्या वडीऐवजी साबणाचं पाणी. कपड्यांच्या पावडरीची ५०० शिलिंगची पुडी दीड लिटरच्या बाटलीत हलवायची, झाकणाला सुईने भोक, बाटली खांबाला बांधायची. दाबलं की चार थेंब. घरी न्यावंसं वाटत नाही, कावळा बघत नाही, बोकड तोंड वेंगाडतो. आठवड्याला पाच पुड्या पुरतात. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तीन वासे वाळवीने पोखरले. नवे रोवताना बुडखे विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून घेतले.

२२ ऑगस्ट

आज शाळेत आरोग्य केंद्राच्या नर्स आल्या, किचोचोच्या गोळ्या वाटायला. किचोचो म्हणजे बिल्हार्झिया, या सरोवराकाठचा नित्याचा आजार. मुलांचं वजन करत बसत नाहीत. खुणा केलेली उंच काठी भिंतीला टेकवतात, मूल तिच्याशी उभं राहतं, डोकं ज्या खुणेला लागेल तितक्या गोळ्या. गोळी कडू, आणि उपाशीपोटी दिली तर मळमळ होते, म्हणून आधी मक्याची पेज. मी पेज वाढायला उभी होते.

मी माझ्या नळांचं कौतुक सांगितलं. नर्सनी ऐकून घेतलं, मग विचारलं, 'मामा, पाणी कुठून येतं?' (इथे प्रौढ बाईला मामा म्हणतात. पहिला महिनाभर मी कोण मामा म्हणून वळून बघायची.)

म्हटलं, मुलं आणतात, सरोवरातून.

'कोण मुलं? आणि पाण्यात कुठवर उतरतात?'

मला माहीत नव्हतं.

२३ ऑगस्ट

सकाळी साडेसहाला काठावर जाऊन बसले. म्वांझाच्या काठाला हत्तीएवढाल्या ग्रॅनाइटच्या शिळा आहेत, त्यांच्या मधे मधे लव्हाळ्याची उथळ जागा. तिथे सोळा मुली. निळे स्कर्ट वर खोचून गुडघ्यापर्यंत पाण्यात. डबा आडवा दाबायचा, तो गुडगुड करत भरेपर्यंत तसंच वाकून उभं राहायचं, मग खांगेची (इथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती कापड) चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर दहा लिटरचा डबा. अगदी आमच्या गावच्या विहिरीवरचं दृश्य. फरक इतकाच की त्या लव्हाळ्यातच गोगलगायी राहतात आणि किचोचोची अळी त्या गोगलगायींतून पाण्यात येते. पाणी प्यायलाच पाहिजे असं नाही, अळी कातडीतून शिरते. गोळीने शरीरातले किडे मरतात, पण मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उतरलं की मागचे पाढे पंचावन्न.

आणि खेपा? बारा नळ, पाच-पाच लिटर, दिवसातून दोनदा भरायचे: १२० लिटर. म्हणजे दहा लिटरच्या रोज बारा खेपा माझ्यामुळे वाढल्या होत्या. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. त्याहून वाईट म्हणजे सकाळचं ताजं पाणी दहाच्या सुट्टीत हातांवर पडत होतं, अळ्या जिवंत असताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एक मुलगी मला बघून हसली आणि हात वर करून दाखवले, स्वच्छ आहेत म्हणून. कोळशाच्या प्रात्यक्षिकातली तीच.

२८ ऑगस्ट

चार दिवस नळ बंद ठेवले. मुख्याध्यापक, आरोग्याच्या बाई, पालक समितीचे दोघे आणि मी, आंब्याखाली दोन तास बसलो. काय काय निघालं ते लिहिते, कारण नाकारलेले पर्यायही उपयोगी पडतात.

हातगाडीवाल्याकडून सार्वजनिक नळाचं पाणी: वीस लिटरला ३०० शिलिंग पोचवून. रोज २०० लिटर म्हणजे ३,०००, महिन्याला ६०,००० च्या वर. मी गेल्यावर देणार कोण? रद्द.

कूपनलिका: कुणी आकडाही उच्चारला नाही.

पाणी साठवून वापरणं: हे जमलं. अळी गोगलगायीतून बाहेर पडल्यावर फार तर दोन दिवस जगते. पाणी ४८ तास साठवून ठेवलं की त्या बाबतीत हात धुवायला चालतं. (पिण्याला नाही, त्याला क्लोरीन वेगळं लागतं.) दोनशे लिटरची तीन पिंपं घेतली, ९०,०००. घेताना आधी त्यांत काय होतं ते विचारा आणि वास घेऊन बघा. पहिल्या दुकानातल्या पिंपांना रसायनाचा वास येत होता, ती सोडून खाद्यतेलाची घेतली. पिंपांवर १, २, ३ आकडे रंगवले. आज १ भरायचं, उद्या २, परवा ३. परवा वापरायचं ते १.

पाण्यात न उतरता उपसणं: एका शिळेच्या पलीकडे पाणी खोल आहे, लव्हाळा नाही. तिथून दोरीने बादली सोडायची. पण खोल पाण्याशी मुलं नकोत, म्हणून उपसायचं काम शाळेच्या पहारेकऱ्याने करायचं आणि मुलांनी मागे उभं राहून फक्त वाहायचं. त्याला आठवड्याला २,००० पालक समिती देणार. आणि पाळी मुलग्यांचीही. यावर सर्वांत जास्त वाद झाला, पाणी भरणं हे मुलींचं काम असं समितीच्या एका गृहस्थांचं म्हणणं. आरोग्याच्या बाईंनी त्यांना विचारलं, मुलगे हात धुणार नाहीत का? विषय मिटला.

४ सप्टेंबर

पिंपात डासांच्या अळ्या. झाकण नव्हतं. जुन्या खांगा ताणून तोंडाला बांधल्या. आगीतून फुफाट्यात जाता जाता वाचलो.

७ सप्टेंबर

सहावी-सातवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायचं होतं. आरोग्याच्या बाई बोलल्या, मी मागे बसले. माझी स्वाहिली या विषयाला पुरत नाही आणि पुरली असती तरी परक्या बाईने बोलू नये असं आता वाटतं. मी कापडी पट्ट्यांचे नमुने शिवून आणले होते. मुलींनी ते हाताळले, नीट घडी करून परत ठेवले.

मग चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले, नावाशिवाय. एकतीस चिठ्ठ्या. पट्ट्यांबद्दल चार. चौदांत एकच मागणी: संडासाला आतून कडी लावा. मुलींच्या पाच संडासांपैकी एकाला दार नव्हतं, दोघांना कडी नव्हती. एकीने लिहिलं होतं की पाळीच्या दिवसांत ती येतच नाही, कारण मैत्रिणीने बाहेर उभं राहावं लागतं आणि मैत्रीण रोज नसते.

सुतार, एक दार, दोन कड्या: ४५,०००, दोन दिवस. सगळ्या खर्चात याइतका नेमका कामी आलेला पैसा दुसरा नाही, आणि ही कल्पना माझी नव्हती.

१३–१४ सप्टेंबर

सातवीची राष्ट्रीय परीक्षा. शाळा बाकीच्यांना बंद. पिंपं भरायचा क्रम चुकला, पुढचे दोन दिवस नळ कोरडे.

२७ सप्टेंबर

आंब्याखाली पाठ करून बसले आणि संडासातून येणारी ५० मुलं गुपचूप मोजली. १७ जणांनी हात धुतले. मी समोर उभी असते तेव्हा सगळेच धुतात.

कारण साधं होतं. नळ मी वर्गांजवळ लावले होते, फोटोत छान दिसतात म्हणून. संडासातून वर्गाकडे येताना फुटबॉलचं मैदान लागतं, तिथेच पोरं पांगतात. पाच नळ उपटून संडासाच्या वाटेवर अगदी तोंडाशी रोवले. आणि लहान वर्गांसाठी तोटीच्या चार बादल्या घेतल्या, ५६,०००, कारण पहिली-दुसरीच्या मुलांचा पाय काठीवर जोर धरत नाही, डबा कलंडतच नाही.

पुढच्या बुधवारी मोजले: ५० पैकी ३४.

१६ ऑक्टोबर

जागतिक हात धुवा दिन काल, १५ ला होता, पण रविवार, म्हणून आज. भाषणं झाली. माझं तीन मिनिटांचं, स्वाहिलीत, सात चुका (पाचवीने मोजल्या).

खरं काम पावसाचं. छपराच्या एका बाजूला पन्हळ लावून हजार लिटरची टाकी. टाकी आणि वाहतूक २,५५,०००, पन्हळ आणि मिस्त्री १,३०,०००. मिस्त्रीला इथे फुंदी म्हणतात. हिशेब असा: छपराची एक बाजू २० मीटर लांब, ४ मीटर रुंद, म्हणजे ८० चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर ८०० लिटर, सांडलवंड सोडून सहाशे तरी. तितक्या पाण्याच्या सरोवराच्या खेपा वाचल्या.

३० ऑक्टोबर

रात्री वादळ. यंदा एल निनोचा पाऊस आहे, पूर्व आफ्रिकेत सगळीकडे झोडपतोय. सकाळी गेले तर अर्धी पन्हळ मैदानात. फुंदीने आकडे दोन-दोन मीटरवर ठोकले होते आणि उतार टाकीच्या उलट दिशेला. मी उभी होते तेव्हा मला उतार दिसला नाही, पाणी ओतून बघायचं सुचलं नाही. एक बादली ओतली असती तर कळलं असतं. दुरुस्ती ३५,०००: आकडे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, उतार नीट, आणि टाकीच्या तोंडाशी फिरवता येणारा नळकांडा, म्हणजे पहिलं पाणी (धूळ आणि पाखरांची शीट) बाहेर सोडता येतं. पहारेकऱ्याला ते दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानेच मला दाखवलं.

२३ नोव्हेंबर

आठवडाभरात टाकी दोनदा भरून वाहिली. गेल्या दहा शाळेच्या दिवसांत सरोवरावर एकही खेप नाही. जूनपासून कोरडे महिने येतील तेव्हा पुन्हा शिळा, बादली आणि तीन पिंपं.

हिशेब: माझे ५,५०,००० आणि मंडळींचे ३,००,०००, एकूण ८,५०,०००. खर्च ७,९३,०००, यात पावडरीच्या ८० पुड्यांचे ४०,०००. म्हणजे साधारण साडेसव्वीस हजार रुपये. यातले पत्रकं, साबणाच्या वड्या आणि पन्हळीची दुरुस्ती मिळून १,२०,००० निव्वळ माझ्या घाईचे. बाजाजीचं भाडं यात धरलेलं नाही.

उरलेले ५७,००० आरोग्याच्या बाईंकडे दिले, वहीत सही घेऊन. त्यांतून आधी मुलग्यांच्या संडासाला कडी लावायची आहे. मुलग्यांनीही चिठ्ठी टाकली होती.

टाकीच्या तोटीला कुलूप आहे. एक किल्ली पहारेकऱ्याकडे, दुसरी सहावीतल्या त्या मुलीकडे, जिचे हात लाल झाले होते. ती जुलैत पाचवीत होती असं मी वहीत लिहून बसले होते, पण आज तिनेच सुधारलं: ती तेव्हाही सहावीत होती, हळदीच्या तासाला धाकट्या भावाबरोबर येऊन बसली होती.